तलाव निजवण्याचा दिवस

मुलुंडकरांना आपल्या थंडीचा भारी अभिमान. "मागे डोंगर आहेत ना हो," असं म्हणत डिसेंबर उजाडायच्या आत ते माळ्यावरचे स्वेटर काढतात, आणि पाहुणे घाम पुसत बसले असले तरी "पहाटे बघा, पहाटे!" म्हणून त्यांना दम देतात. पण या अभिमानाचं टोक गाठलं ते विद्याधर कर्णिकने. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून सोसायटीचा तरणतलाव दर हिवाळ्यात बंद करायची प्रथा त्याने पाडली. मुलुंडमध्ये. जिथे पाणी फक्त फ्रीजमध्ये गोठतं.

थोडा दोष बिल्डरचाही होता. घरं विकायची म्हणून त्याने तलावाच्या फरशीतच सफाईची यंत्रणा बसवली होती, थेट परदेशातून आणलेली. तळाच्या लाद्यांमध्ये पांढऱ्या, गोल तोट्या. एरवी लादीला सपाट चिकटून असायच्या. पंप सुरू झाला की पाळीपाळीने एकेक तोटी वर यायची, भोवताली जोरात पाण्याचा फवारा मारायची, तळाचा गाळ मोरीकडे ढकलायची आणि पुन्हा आपल्या बिळात जाऊन बसायची. सोसायटीतली पोरं त्यांना बेडूक म्हणायची. या बेडकांबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस बर्फाच्या मुलखातला असावा. हिवाळ्याआधी तोट्या काढा, फरशीखालच्या नळ्यांमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून पाणी हुसकून लावा, भोकं बुचांनी बंद करा, नाहीतर नळ्या फुटतील, असं त्यात एक अख्खं प्रकरण होतं.

विद्याधरचा जन्म भांडुपच्या एका कारखान्यात, मशिनं दुरुस्त करण्यात गेलेला. मशिनबरोबर आलेलं पुस्तक म्हणजे त्याला गुरुचरित्र. सोसायटीच्या सभेत त्याने ते प्रकरण वाचून दाखवलं, नळी फुटली तर अख्खी फरशी उकरावी लागेल अशी भीती घातली, आणि ठराव पास करून घेतला. दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तलाव बंद, मार्चात सुरू. नाहीतरी गार पाण्यात कोण उतरतंय, म्हणून लोकांनीही हात वर केले.

त्या संध्याकाळी त्याची बायको मृणालिनी म्हणाली, "अहो, पाणी शून्याला गोठतं. मुलुंडमध्ये शून्य फक्त माझ्या वर्गातल्या पोरांच्या पेपरात येतं."

ती शाळेत भूगोल शिकवायची. पण विद्याधर म्हणाला, "पुस्तकात आहे." तिने वाद सोडला. कोणत्या विद्यार्थ्यावर घसा कोरडा करायचा आणि कोणत्या नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं. उलट त्या रविवारी तिने घाण्यावर घाणे बटाटेवडे तळले. कॉम्प्रेसर धडधडतोय, तळाच्या भोकांतून बुडबुडे उसळतायत, चड्डी-बनियनवरचा विद्याधर छातीभर पाण्यात उभा राहून डुबक्या मारत एकेका भोकाला बूच लावतोय, आणि काठावर अख्खी सोसायटी वडे खातेय, असा तो सोहळा दरवर्षी व्हायला लागला. 'तलाव निजवायचा दिवस' हे नावही तिनेच ठेवलेलं. ते ऐकून विद्याधर खूश व्हायचा. आपली चेष्टा चाललीय हे त्याला कळायचं नाही असं नाही, पण तिच्या चेष्टेची त्याला सवय होती, आणि खरं सांगायचं तर ओढही होती.

मग तिच्या डाव्या पायातून चप्पल निसटायला लागली.

आधी वाटलं, चप्पल सैल झाली. नवी घेतली, तीही निसटायला लागली. मग काठी आली, मग वॉकर, मग चाकांची खुर्ची. स्नायू हलवणाऱ्या नसाच सुकत चालल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलं ते परत येणार नाही. स्पर्श कळत राहील, डोकं शाबूत राहील. ही जणू मेहरबानीच. घरी आल्यावर मृणालिनी म्हणाली, "बरं झालं बाई, डोकं शाबूत आहे. नाहीतर तुमच्या डोक्याने चालावं लागलं असतं." आणि मग ती रडली, आणि विद्याधर तिच्यापेक्षा जास्त रडला. शेवटी तिलाच त्याची समजूत काढावी लागली.

पाण्याची कल्पना विद्याधरची. पाण्यात वजन उरत नाही, एवढं तर त्याला यंत्रशाळेतही शिकवलेलं. एका दुपारी, तलावावर ऊन आलेलं असताना, त्याने आणि तलावाची देखभाल करणाऱ्या धोंडिरामने तिला प्लास्टिकच्या खुर्चीतून पायऱ्यांवरून खाली उतरवलं. छातीभर पाणी. विद्याधर तिच्या मागे उभा राहिला, काखेखाली हात घालून, नुसता तोल जाऊ नये म्हणून. आणि मृणालिनीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. नेमका पायाखालचा बेडूक वर आला आणि पाण्याची धार तिच्या तळव्याला लागली. ती मोठ्याने हसली. तसं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

तेव्हापासून रोज दुपारी एका बेडकापासून दुसऱ्या बेडकापर्यंत, करत करत त्या टोकापर्यंत आणि परत. घरी तिला कूस बदलायलाही माणूस लागायचा, पण दुपारी ती चालायची. रात्री बंगळुरूच्या लेकीचा, गार्गीचा फोन आला की विद्याधरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आज आई चालली हं." गार्गी म्हणायची, "रोजच चालते की बाबा." तो म्हणायचा, "रोज चालते म्हणून रोज सांगतो."

दिवाळीचे कंदील उतरले आणि सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सुयोगचा मेसेज आला. 'पहिल्या रविवारी तलाव निजवायचा कार्यक्रम. कॉम्प्रेसरवाल्याला सांगितलंय.' खाली वड्यांची चित्रं.

विद्याधरने तो दोनदा वाचला. मार्चपर्यंत तलाव बंद. तितके महिने तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत तर मार्चात टेकायला पायांत काही उरणारच नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता. तो ठराव त्याचा स्वतःचा. स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा तो आता डोळे फाडून बघत होता.

सुयोगला गाठलं तर तो चटकन म्हणाला, "काका, काकूंसाठी सोसायटी एवढं करेलच ना यार. एक वर्ष नको बंद करूया. पण लाइन फुटली तर? तुम्हीच सांगितलंत, फरशी उकरायला लागेल. मग सगळे मला धरतील."

"नाही फुटणार."

"असं कसं? दरवर्षी तुम्हीच तर सांगता फुटेल म्हणून."

"फुटत नाही रे," विद्याधर म्हणाला. पुढचं वाक्य आयुष्यात फार वेळा बोललेलं नसल्यामुळे ते तोंडात घोळवायला त्याला वेळ लागला. "माझं चुकलं होतं."

सुयोगने ते नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सगळ्यांसमोर सांगायला लावलं. विद्याधर उभा राहिला. हातात ते पुस्तक नव्हतं. हे प्रकरण थंड मुलखासाठी आहे, इथे त्याचा काही उपयोग नाही, तलाव बाराही महिने चालू ठेवला तरी नळ्यांना ढिम्म काही होणार नाही, हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, असं त्याने सांगितलं. मृणालिनीचं नाव घेतलं नाही. माझ्या आजाराची भीक मागायची नाही, असं तिने आधीच बजावलेलं.

सातव्या मजल्यावरच्या छेडांनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं, "एटले कर्णिकभाई, मग एवढी वर्षं आपण हवा कशाला मारत होतो?"

असा हशा पिकला की शेजारच्या जिममधली पोरं डोकावून गेली. विद्याधरही हसला. कान तापून लाल झाले होते, पण मनातून तो चक्क आनंदात होता. हसा लेको, पोट धरून हसा, पण हात वर करा. आणि हात वर झाले. तलाव चालू राहणार होता.

तो लिफ्टची वाट न बघता जिना चढून वर आला. मृणालिनी खिडकीशी खुर्चीत बसली होती. त्याने तिला छेडांच्या नकलेसकट सगळं सांगितलं. तिला हसू येईल म्हणून स्वतःच्या फजितीला चार फोडण्या जास्तच घातल्या.

ती हसली नाही. "तुम्ही म्हणालात? चुकलं म्हणून?"

"म्हणालो की."

"सगळ्यांसमोर?" तिची जीभही आताशा जड झाली होती, एकेक शब्द उचलून ठेवावा लागायचा. "अहो, कशाला..." ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. विद्याधरला वाटलं, तिला गहिवरून आलं.

त्या दुपारी नेहमीप्रमाणे धोंडिरामने आणि त्याने तिला पाण्यात उतरवलं. पंप सुरू झाला. तो तिच्या मागे उभा राहिला, काखेखाली हात, आणि ती निघाली. पहिला बेडूक, दुसरा बेडूक. विद्याधर फुललेला होता, पुढच्या दुपारची, त्याच्या पुढच्या दुपारची गणितं मांडत होता. तलावाच्या मध्यावर आल्यावर मृणालिनी म्हणाली, "थांबा."

तो थांबला.

"हात काढा."

"काहीतरीच काय! तोल जाईल तुझा."

"काढा म्हणते ना."

शाळेतला तिचा तो आवाज अजून शाबूत होता. त्याने हात जरासे सैल केले, काढले नाहीत, फक्त सैल केले. आणि ती उभीच्या उभी, दोरी सोडलेल्या पोहऱ्यासारखी खाली गेली. पायांनी धडपड केली नाही. गुडघे वाकलेसुद्धा नाहीत नीट, नुसते विस्कटले. पाणी हनुवटीला लागायच्या आत त्याने तिला वर घेतलं आणि घट्ट छातीशी धरलं. धोंडिराम काठावरून धावत आला, त्याला विद्याधरने हातानेच थांबवलं.

"कळलं?" ती धापा टाकत म्हणाली.

"अगं, घाबरलीस म्हणून. परत बघू. आता नीट..."

"नवरात्रापासून नाही चालत मी."

त्याची पकड आणखी आवळली.

"तुम्ही नेता म्हणून जाते," ती म्हणाली. "पाणी उचलतं, तुम्ही पुढे नेता. पाय नुसते मागून येतात. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. मग बघितलं तर तुम्ही गार्गीला सांगताय, आई चालली म्हणून. रोज सांगताय." ती थांबली, श्वास घेतला. "मग कसं सांगू?"

विद्याधरच्या हातांना ते कळलेलं होतं. नवरात्रापासून रोज संध्याकाळी त्याचे खांदे भरून यायचे आणि तो त्यांना मलम चोळायचा. हातांना, खांद्यांना, पाठीला, सगळ्यांना ठाऊक होतं. ते त्याने वर डोक्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं एवढंच.

"मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत," मृणालिनी म्हणाली. "डिसेंबर आला की हे तलाव बंद करतील. मग सांगायचीच वेळ येणार नाही. तुम्हाला वाटेल, तलाव बंद झाला म्हणून आई चालायची थांबली." तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती पुरती वळली नाही. "मी वाट बघत होते हो त्या रविवारची. आणि तुम्ही जाऊन चालूच ठेवायचं ठरवून आलात."

त्याने तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं आणि तो हुंदके देऊन रडला. भर दुपारी, तलावाच्या मधोमध. वरच्या गॅलऱ्यांतून कोणी बघतंय का, याचं त्याला काहीही वाटलं नाही. तिच्याकडून सगळं काही एकेक करून हिरावलं जात होतं, आणि त्यातल्या त्यात हाती उरलेलं ती आपल्यासाठी खर्चत होती, आपल्याला बरं वाटावं म्हणून रोज दुपारी चालल्याचं सोंग करत होती.

"गार्गीला सांगू नका एवढ्यात," ती म्हणाली. "आणि सोसायटीत तर नकोच. लोक खुर्चीकडे बघतात ते पुरे. निदान पाण्यात चालते असं वाटू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याधर सुयोगच्या दाराशी उभा. सुयोग ऑफिसच्या गडबडीत, एका पायात मोजा.

"तलाव बंद करायचा," विद्याधर म्हणाला. "ठरल्या रविवारी."

"काका, काल तर तुम्ही..."

"काल चुकलो. पुस्तक पुन्हा वाचलं. लाइन फुटेल."

सुयोगचा दुसरा मोजा हातातच राहिला. "मुलुंडमध्ये?"

"मुलुंडमध्ये. मागे डोंगर आहेत," विद्याधर म्हणाला. आवाज फुटू नये म्हणून तो एवढ्या चढ्या सुरात बोलला की सुयोगला तो भांडायलाच आलाय असं वाटलं.

ग्रुपवर दिवसभर दंगा चालला. कुणी लोकरीची टोपी घातलेला बेडूक पाठवला. कुणी लिहिलं, काका, गीझरलाही स्वेटर घालू का. छेडांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. म्हातारा सरकला, असंही कुणीतरी लिहिलं आणि घाईघाईने पुसलं, पण तोवर विद्याधरने वाचलेलं होतं. मृणालिनीला त्याने त्यातला टोपीवाला बेडूक तेवढा दाखवला. तो बघून ती म्हणाली, "माझ्यासाठी किती हसं करून घ्याल?"

"त्यात नवीन काय आहे? मी कायमच हास्यास्पद होतो. तूच म्हणायचीस."

"मी म्हटलेलं चालतं," ती म्हणाली. "त्यांनी नाही."

रविवारी कॉम्प्रेसर आला. वडे या वर्षी दुकानातले होते. मृणालिनीची खुर्ची धोंडिरामने पायऱ्यांजवळ, उन्हात लावली आणि तिच्या पायांवर शाल घातली. विद्याधर पाण्यात उतरला. तोट्या आधीच काढून झालेल्या होत्या, धोंडिराम वरून हवा सोडत होता. एका भोकातून बुडबुडे उसळले की विद्याधर खाली बुडी मारायचा, बूच बसवून पिळायचा, वर यायचा, पुढच्या भोकाकडे जायचा. काठावर चेष्टा चालली होती. "काका, बर्फ लागला का?" असं कुणीतरी ओरडलं, आणि त्याने लागला म्हणून हात हलवला.

समोरच्या विंगमधली शर्मिष्ठा वड्याची प्लेट घेऊन मृणालिनीजवळ येऊन बसली. बाई मनाने चांगली, फक्त आवाज मोठा. "काय हो काकू, काकांनी हट्टाने बंद करवला ना शेवटी? तुमचं एवढं छान चालणं चाललं होतं. मी रोज बघायची वरून. मला तर राग आला बाई काकांचा."

पाण्यातल्या विद्याधरने ते ऐकलं आणि तो खाली वाकला. तिथलं बूच आधीच बसवून झालेलं होतं, तेच त्याने पुन्हा पिळलं.

"त्यांचं पुस्तक आहे ना," मृणालिनी सावकाश म्हणाली. "ते ऐकतात होय कुणाचं?"

"मार्चात पुन्हा सुरू करा हं मात्र. सोडू नका चालणं."

"हो. मार्चात."

शेवटचं बूच त्या टोकाला होतं. ते बसलं आणि धोंडिरामने कॉम्प्रेसर बंद केला. धडधड थांबली, तळ सगळा शांत झाला. लोक हात पुसत उठायला लागले, शर्मिष्ठाही प्लेट ठेवायला गेली. विद्याधर छातीभर पाण्यात उभा राहिला. पायऱ्यांपर्यंत अख्ख्या तलावाची लांबी होती. तितकंच चालून जायचं, बाहेर पडायचं, अंग पुसायचं, आणि मग आपली बायको जगाच्या पाठीवर कुठेच चालत नाही, हे धरून उरलेला दिवस काढायचा. उद्याचाही, परवाचाही. त्याचे पाय उचलेनात.

त्याने वर बघितलं. मृणालिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. पाणी नितळ होतं, त्यातून त्याचे पाय दिसत होते, आणि ती एकटक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत हेवा नव्हता, दुःखही नव्हतं. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या पानाकडे कितीही नाही म्हटलं तरी बघतंच, तशी ती बघत होती. त्याने पाऊल मागे घेतलं. तिच्यासमोर चालायची त्याला लाज वाटली.

तिला ते कळलं. तिला त्याचं सगळंच कळायचं.

"चाला ना," ती म्हणाली. "मला बघायचंय."

मग विद्याधर चालला. घाई न करता, एकेक पाऊल लादीवर नीट टेकवत, गुडघा नीट वाकवत, तिला दिसेल असा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. पायऱ्यांपाशी पोचल्यावर तो थांबला, आणि तिने हळूच मान हलवून 'पुन्हा' म्हटल्यावर वळला, आणि परत त्या टोकापर्यंत चालत गेला.